तिसरी वायर

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, बाबा अजून रागावलेत का गं? मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तू नोकरीसाठी एवढ्या लांब गेलीस, तेव्हापासून तुझा फोन आला की ते दोन शब्द बोलतात आणि फोन माझ्या हातात कोंबतात. मीसुद्धा त्यांच्यावर मनातून धुमसत होते. पण काल गॅरेजमध्ये काय झालं ते वाच आणि मग ठरव.

दातांच्या डॉक्टरांची म्हातारी गाडी आठवते ना, जिच्या मागच्या सीटवर तू लपून बसायचीस? ती मिसिंग मारते, चढावर आचके देते म्हणून आली. बाबांनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला आणि बॉनेटवर थाप मारून परत पाठवली. दुसऱ्या दिवशी स्वारी दारात हजर! डॉक्टर बिचारे सज्जन, पण चेहरा असा, जणू त्यांचीच दाढ दुखतेय. आणि हे म्हणतात, पेट्रोलच भेसळीचं! अगं, मला वरच्या खिडकीतून ऐकू येत होतं, तीन ठोके नीट आणि चौथा गायब. उगाच का इतकी वर्षं इंजिनं ऐकत कांदे चिरलेत मी?

शेवटी हात पुसत खाली गेले आणि म्हटलं, माझ्यासमोर एकेक वायर काढा. पद्धत यांचीच. चालू इंजिनात प्लगची वायर काढली की आवाज अडखळायला हवा, नाही अडखळला तर गडबड तिथेच. पहिली काढली, अडखळला. दुसरी, तसंच. तिसरी काढली, आवाजात ढिम्म फरक नाही. मी ओरडले, हीच! आणि हे आपले चौथीला हात घालतायत. माझा चेहरा बघून थांबले. वायर उलटी करून पाहिली, तर खालून भाजून तडकलेली. नवी घातल्यावर इंजिन कसं एका सुरात चालायला लागलं!

डॉक्टर खूश होऊन गेले. हे मात्र स्टुलावर बसून राहिले. हळूच म्हणाले, मला फरक कळलाच नाही गं. मग म्हणाले, पोरीचं बोलणंही फोनवर नुसतं गुणगुणल्यासारखं येतं. दरवेळी काय, काय विचारलं तर तिला वाटेल बाप म्हातारा झाला. राग कसला नि काय, ठमे! मला हसू आणि रडू एकदमच आलं.

आज कानाचं मशीन आणलं. तेव्हापासून माझी भांडी फार वाजतात म्हणून कुरकुर चालू आहे. यातलं तुला काही सांगायचं नाही, अशी ताकीद मिळालीय. कालपर्यंत त्यांच्या शेजारी बसून फोनवर सगळं सांगितलं असतं, आता सोय राहिली नाही, म्हणून हे पत्र. तर रविवारी फोन कर. तो मी उचलायचा नाही, असं मला बजावण्यात आलंय. ओरडून बोलू नकोस, नेहमीसारखीच बोल. आणि खूप बोल गं, त्यांचं बरंच ऐकायचं राहिलंय.

तुझीच,
गॅरेजची नवी हेडमेकॅनिक,
आई