बिनवापराचं लॉन

५ मार्च २०१७, रविवार
सिंगापुरात पाणी महागणार. आमच्या पासिर रिसच्या कॉन्डोच्या कमिटीने स्कीम काढलीय. तळमजल्यावाल्यांनी बिनवापराचं लॉन काढून कमी पाण्याची झाडं लावली, तर मेंटेनन्समध्ये रिबेट. अट एकच, लॉन खरोखर बिनवापराचं हवं. आपलं शंभर टक्के आहे. मी वर्षभरात एकदाही पाऊल ठेवलेलं नाही.
समोरचा मंदार म्हणाला, मधुराला विचारून सांगतो. बायकोला विचारत बसणाऱ्याला कसला मिळतो रिबेट! मी घरी येऊन नीताला सरळ सांगून टाकलं. ती काही बोलली नाही. म्हणजे संमती.

१८ मार्च
गवत काढलं. कॉन्ट्रॅक्टर दोनदा म्हणाला, बॉस, गवत चांगलं आहे. मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. पांढरी खडी, त्यात कॅक्टस. झकास! नीता दारात उभी राहून बघत होती. भारावली असावी.

२८ मार्च, पाडवा
गुढी खडीत उभी राहीना. कपड्यांच्या स्टँडला बांधली. नीता सध्या माझ्याशी इरामार्फत बोलते. इरा येऊन इथल्या इंग्रजीत सांगते, ममा से डिनर रेडी लाह. मुलीची जबाबदारीची जाणीव वाढतेय.

९ एप्रिल
रोज पाऊस. कॅक्टस बुडातून सडताहेत. त्यांच्यावर छत्र्या बांधल्या. लॉनला मी आजवर कधी पाणी घातलंच नव्हतं, पाऊसच घालायचा. ही गोष्ट कमिटीच्या लक्षात आलेली नाही. माझ्याही आत्ताच आली.
तरी वाहून जाणारं पाणी बघवेना. शेवटी पुण्याचा माणूस. पिंप लावून भरून ठेवलं.

२३ एप्रिल
पिंपात डासांच्या अळ्या! इथे डेंग्यूच्या तपासणीवाल्यांनी पाहिलं असतं तर मेलोच होतो. घाईघाईने ओतलं. खडीवर शेवाळ धरलंय, रोज ऑफिसातून आल्यावर पाइपने धुतो. पाण्याचं बिल वाढलंय. तात्पुरतं.
नीता सकाळी घरात नसते. जिम लावली असावी. छान.

६ मे, शनिवार
इन्स्पेक्शन. कमिटीच्या मिसेस लिमनी विचारलं, लॉन खरंच कोणी वापरत नव्हतं ना? मी नो म्हणायच्या आत इरा बोलली. ममा एव्हरी मॉर्निंग वॉक देअर, नो शूज, पप्पा स्लीपिंग लाह.
मिसेस लिम माझ्याकडे बघत राहिल्या. नीता खडीकडे. रिबेट नामंजूर.
नंतर नीतावर चिडलो. म्हटलं, मला आधी सांगायचं नाही का? ती म्हणाली, तू विचारलं कुठे होतंस, सांगितलं होतंस. अख्ख्या दिवसात तेवढीच अर्धी घटका माझी होती.
 मी पाइप घेऊन खडी धुवायला गेलो.

७ मे
सहाला उठलो. लग्नानंतर प्रथमच. समोर मधुराच्या लॉनवर नीता, अनवाणी. जाऊन घेऊन येऊ म्हणून तसाच बाहेर पडलो. खडी फार टोचते. परत आलो.

२१ मे
खडी काढली, नवं गवत लावलं. कॉन्ट्रॅक्टर तोच. म्हणाला, मूळ धरेपर्यंत रोज पहाटे भरपूर पाणी, आणि कोणी पाय ठेवायचा नाही.

२७ मे
जास्त पाणी वापरतो म्हणून कमिटीने समज दिली. तरी पहाटे पाइप धरून उभा असतो. समोर नीता चालत असते. आज चालता चालता थांबली, हसली, हात हलवला. इतक्या दिवसांनी! मीही हलवला, पाइपसकट. अंगभर भिजलो.
मागे वळून पाहिलं. खिडकीत इरा हात हलवत उभी होती.