फक्त पाव फेरा

४ जानेवारी, सकाळी ८
ठरलं. क्लबच्या टीममध्ये कसरतीच्या विमानाची एकच जागा रिकामी आहे, निवड २२ फेब्रुवारीला. ती जागा माझी. दोन तारांना बांधलेलं छोटं मॉडेल विमान माझ्याभोवती फिरणार, मी तारांची मूठ धरून मध्ये उभा. बायको याला तारेला बांधलेलं भांडण म्हणते. तिच्याकडे दुर्लक्ष. प्रश्न फक्त इंजिनाचा. साडूही त्याच जागेवर डोळा ठेवून आहे. त्याचं इंजिन वीस वर्षांचं, घसा बसल्यासारखं बोलतं. हसू आलं.

११ जानेवारी
हलकं इंजिन आणलं. सरळ उडताना नुसती गुरगुर! साडूने न विचारता ज्ञान दिलं: सपाटीवर ते गुरगुरलंच पाहिजे, नाक वर केलं की आपोआप जोर धरतं, म्हणून इंधनाची सुई जरा सैलच ठेवायची, आवळली की इंधन कमी जातं. मी पाव फेरा आवळली. फक्त पाव. काय सुरेख किंचाळलं! पहिल्याच लूपच्या, म्हणजे उभ्या गिरकीच्या, माथ्यावर बंद पडलं. इंजिनात दम नाही. डावा पंख गेला.

१२ जानेवारी, सकाळी
आजपासून चिडणं बंद.

१२ जानेवारी, सकाळी, जरा नंतर
दुकानदाराला फोन केला. चिडलो.

२५ जानेवारी
मोठं इंजिन. दुकानदार म्हणतो, सुई लावून दिली आहे, आता हात लावू नका. याने मला शिकवायचं? पाव फेरा. मग आणखी पाव. लूपच्या माथ्यावर पिस्टन जाम, विमान नाकावर उभं. नाक जड झालं होतं, दुसरं काय. दुकानदार चोर आहे.

८ फेब्रुवारी
तिसरं, बॉल बेअरिंगचं. मला पाहताच दुकानदाराने शटर अर्धं ओढलं. मी वाकून आत गेलो.
संध्याकाळी: तेच. लूप, माथा, शांतता. बायकोने विचारलं, तिन्ही इंजिनं एकाच जागी बंद पडतात, तर तिघांत सारखं काय? मी म्हणालो, कारखान्यांचा बेपर्वा कारभार. तिने माझ्या हातातलं इंजिन काढून फडताळात ठेवलं. पटलं असावं.

१५ फेब्रुवारी
साडू घरी आला. फडक्यात गुंडाळून त्याचं जुनं जादा इंजिन घेऊन. काहीतरी डाव असणार. अट एकच: सुईला हात लावायचा नाही. बायकोने लगेच सुईवर नेलपॉलिशचा थेंब टाकून ती पक्की केली. माझ्या घरात, माझ्यासमोर!
दुपारी उडवलं. लूप झाले, उलटं उडालं, इंग्रजी आठ काढला, चाकांवर उतरलं. सहा मिनिटं ती गुरगुर दात आवळून सोसली. शेवटी इंजिनाची माझी निवड अचूक ठरली.

२२ फेब्रुवारी, सकाळी ९
परीक्षक तिघे, खुर्च्यांवर. एक जण जांभई देतोय, म्हणजे याला गुरगुर ऐकवून चालायचं नाही. नेलपॉलिशला जरा चीर गेलेली दिसते. सुई नुसती चाचपून बघतो.

२२ फेब्रुवारी, दुपारी
लूप. माथा. शांतता. जांभई देणारा मात्र खडबडून उठला, विमान त्याच्या बुटांपासून चार हातांवर पडलं.
जागा साडूला. तो येऊन माझ्याबरोबर तुकडे वेचू लागला, हलकटपणाची हद्द आहे. तुकडे गोळा करताना बायको म्हणाली, "अहो, ते बिचारं सपाटीवर गुरगुरतं आणि चढावर जोर लावतं. तुमचं नेमकं उलटं आहे."
याचा इंजिनाशी संबंध काय, तेही सांगितलं नाही.

१ मार्च
साडूने सरावाला बोलावलं. विमान सुटेपर्यंत शेपटी धरायला भरवशाचा माणूस हवा म्हणे. शेवटी माझ्याशिवाय चालेना. गेलो, धरली. इंजिन गुरगुरत होतं, हाताला खाज सुटली.
शेपटीपासून सुईपर्यंत माझा हात वीतभर कमी पडतो. बायको सांगते, साडूने आधी मोजून घेतलं होतं.