दादाचे स्वल्पविराम

३ फेब्रुवारी

दुसऱ्यांची डोकी स्कॅनच्या यंत्रात घालण्यात जन्म गेला, आज माझं गेलं. दादाचंही. बाबांना पार्किन्सन्स होता, म्हणून आम्हा भावंडांना या अभ्यासात घेतलंय. हात थरथरायच्या आधीच मेंदूच्या चित्रात काही दिसतं का, ते बघणार आहेत.

फॉर्मवर विचारतात, निकाल कळवायचा का? मी 'हो'वर खूण केली, दादानं 'नाही'वर. "कवळ्या बनवणाऱ्याला असलं काही सांगू नये. दात कोरायचे सोडून हाताकडेच बघत बसेन."

त्याची वेळ दोनची होती. डोक्याचा पट्टा बघूनच त्याला घाम फुटला. शेवटी त्याच्या जागी मीच आडवी झाले, माझ्या तीनच्या वेळेला तो.

११ फेब्रुवारी

चित्रं तयार झाली. आपल्या माणसांची बघायची नाहीत असा नियम आहे. बघितली.

निरोगी मेंदूत मधोमध दोन स्वल्पविराम उजळतात. आजार शिरला की त्यांच्या शेपट्या झडतात, टिंबं उरतात. माझ्या नावाखाली स्वल्पविराम. दादाच्या नावाखाली टिंबं.

आधी हायसं वाटलं — स्वतःसाठी. क्षणभरच. पण त्याची लाज मरेपर्यंत पुरेल.

१२ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी

दादाच्या दुकानात गेले. तो मेणात दाढ कोरत होता. गिऱ्हाईक म्हणे नव्वदीचं आहे आणि त्याला आक्रोड फोडायचेत! मी हसले नाही. त्याच्या बोटांकडेच बघत राहिले. त्यानं हत्यार खाली ठेवलं.

"बोल."

"काही नाही."

"तुझा चेहरा बघ आरशात."

सांगून टाकलं. नुसत्या चित्रावरून काही ठरत नाही, डॉक्टर नीट तपासतील, अजून कितीतरी वर्षं हातात आहेत — हेही घाईघाईनं सांगितलं. त्यानं ऐकलंच नाही. "मी नको म्हटलं होतं ना?" एवढंच बोलला. बाबांना शेवटी मी भरवायचे तेव्हा हा दाराकडे तोंड करून बसायचा. तेवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं.

२ मार्च

वहिनीचा फोन. दादानं दुकान बंद केलं. हत्यारं ओळखीच्या एकाला देऊन टाकली. "दिवसभर पंजा समोर धरून बसतात. तुम्ही तोंड आवरलं असतं तर —" पुढचं तिनं गिळलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तिनं तरी तक्रार कुणाकडे करायची?

१६ मार्च

माझ्या जोडीची तंत्रज्ञ — आम्ही तिला वादळ म्हणतो — महिन्याच्या रजेवरून आज परतली. त्या दिवशी यंत्र तिनंच चालवलं होतं. चहा पिताना सहज म्हणाली, "तुम्ही दादांच्या वेळेत झोपलात ना, म्हणून चित्रांवरची नावं उलटी पडली होती. मी लगेच अदलाबदल करून टाकली."

स्कॅनच्याच संध्याकाळी मीही तीच अदलाबदल केली होती. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. दोघींनी दुरुस्ती केली, म्हणजे चूक पुन्हा जिथल्या तिथे!

धावत जाऊन चित्रांवरच्या वेळा बघितल्या. टिंबं दोनची. स्वल्पविराम तीनचे.

दादाला काही झालेलं नाही. दादा ठणठणीत आहे. पुढचं आज लिहिवत नाही.

१७ मार्च

दादाकडे जाऊन सगळं सांगितलं. लहान मुलासारखा रडला. हत्यारं परत आणायला चपला घालून निघालासुद्धा. मग दारातच थांबला.

"मग ती टिंबं कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं माझ्या बोटांकडे बघितलं आणि कप हातात दिला नाही. जवळच्या टेबलावर ठेवला.