एक गल्ली तुझी, एक माझी

१४ मार्च, शनिवार सकाळ

प्रिय ठमे,

आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरी असशील, असं नेहमीसारखं लिहायला घेतलं आणि ‘तूही’पाशी पेन अडलं.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटल्यापासून दिसेल त्याला म्हणतात, “अरे, तू एवढा म्हातारा कधी झालास?” तुझे भावजी विचारतात, “वर तरी ठमी स्वतःची बशी स्वतः धुते का?”

तुझं नवं चित्र मिळालं. अंतराळस्थानकात तुम्हा चौघांना आठवड्यातून एक तास सक्तीने खेळायला सांगितलं, तेव्हा कुणी बासरी उचलली, कुणी जेवणाच्या पाकिटांच्या बाहुल्या केल्या. तू आपलं लहानपणीचं कागदावरचं गाव पुन्हा उघडलंस. एक गल्ली तुझी, एक माझी. घर काढलं की आत कोण राहतं ते सांगायचंच, नाहीतर घर बाद. ढगांना अस्तर लावणारा शिंपी तुझा, हरवलेल्या बटणांचं टपालघर माझं. महिने गेले तसे तुझे जिने आडवे झाले, तळं छताला गेलं. ऑफिसातले गटारांचे नकाशे बाजूला सारून मी त्या तळ्याकाठी बसायचे, पाय आकाशात सोडून.

मग गेल्या तीन चित्रांत खिडक्या कोऱ्या आल्या. कोण राहतं, असं मी विचारलं. तू लिहिलंस, “कोणी नाही. तेच बरं आहे.”

आता जे लिहायचं ते लिहिते. प्रत्येक चित्राची एक प्रत मी तुम्हा चौघांची मनं तपासणाऱ्या डॉक्टरबाईंना पाठवते, हे तुला ठाऊक आहे. खेळताना माणसाला सोंग जमत नाही, असं त्या म्हणतात. त्या तीन प्रतींत मी तुझ्या खिडक्यांत माणसं काढली. तुझी रेघ मला येते; नकाशे उतरवण्यातच माझी वीस वर्षं गेली. एक विणणारे आजोबा, एक झोपलेलं बाळ, गॅलरीतून भांडणाऱ्या दोघी. तुझ्याकडे परत पाठवलेल्या प्रतींत मात्र खिडक्या कोऱ्याच ठेवल्या.

डॉक्टरबाई फोनवर हसल्या. “या भांडकुदळींच्या शेजारी मला एक खोली द्या हो!” आणि मागच्या आठवड्यात म्हणाल्या, तुझा मुक्काम पाच महिने वाढवायला त्यांची हरकत नाही.

हे मी तुझ्यासाठी केलं, असं डायरीत दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तुला माघारी बोलावतील, तुझं काम अर्धवट राहील, ही भीती होती. पण तेवढीच नव्हती. खाली होतीस तेव्हा वर्षातून दोनदा फोन करायचीस, तोही चालता चालता. वर गेलीस आणि दर आठवड्याला माझ्याकडे खेळायला येऊ लागलीस. ते संपायला नको होतं मला. पाच महिने ऐकून आधी आनंद झाला, ठमे. तुझी काळजी नंतर वाटली. हा क्रम मला विसरता येत नाही.

काल मूळ चित्रं घेऊन गेले आणि बाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी एकेक खिडकी पाहिली.

“म्हणजे त्या दोघी तुम्ही काढल्यात?”

“हो.”

“आणि ती एकटी आहे, हे तुम्हाला तीन आठवडे ठाऊक होतं.”

मी मान हलवली. त्यांनी मुक्काम वाढवायचा कागद माझ्यासमोरच रद्द केला. तू येत्या यानाने परत येणार. हे त्या आजच तुला कळवणार होत्या. मी आधी लिहिते म्हणून एक दिवस मागून घेतला.

तुला राहायचं होतं, माहीत आहे. रागाव. खाली आल्यावर फोन केला नाहीस, तरी मी दिवस मोजणार नाही. मोजेन, पण तुला सांगणार नाही. तोवर गाव हवं तसं काढ, ओसाड तर ओसाड. मी हात लावणार नाही. पण कुणीच राहत नाही असं लिहिलंस, तर या वेळी मी ते ऐकेन.

तुझ्या घरात न विचारता शिरलेली,
ताई