कूलंटच्या टाकीत दूध

६ ऑक्टोबर, सोमवार

फिनिश गेली! दसऱ्याची सुट्टी संपवून पहिलीच प्लेट मशीनवर लावली, बाहेर काढून हात फिरवला, तर मांजराची जीभ. पंपाच्या झाकणाची अॅल्युमिनियमची प्लेट आहे, तोंड गुळगुळीतच लागतं, नाहीतर तेल गळतं. तपासणीवरच्या संध्यानं टेस्टर टेकवला. खडबडीतपणाचं माप ०.८ च्या आत हवं. आलं ३.४.

कटर बदलला. स्पीड वाढवला. फीड कमी केला. तरी धारेला अॅल्युमिनियम चिकटतंच आहे, ओल्या हाताला कणीक चिकटावी तसं. शेजारच्या मशीनवरून रामकिशन ओरडला, "रॉकेल मार की रे तान्या!" रॉकेल मारलं. चार प्लेटा बऱ्या आल्या, पुढे परत तेच.

आणि वास! मशीनखालच्या कूलंटच्या — कापताना धारेवर सोडायच्या तेलपाण्याच्या — टाकीचं झाकण उचललं आणि लगेच बंद केलं.

वास कशाचा ते मला कळलं. लिहीत नाही.

७ ऑक्टोबर

लिहितो. इथे नाही तर कुठे?

खंडेनवमीला मशीनची पूजा. मशीन नवी — आणि पूर्ण माझ्या हाताखाली आलेली पहिलीच. सगळ्यांनी आपापल्या मशीनला हळद-कुंकू लावलं, लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि पंगतीला गेले. मला तेवढ्यानं समाधान कुठे! मंठाळहून घरच्या म्हशीचं पाच लिटर दूध आणलं होतं. आई गावी बोअरच्या मोटारीला दूध घालते; मी मशीनला अभिषेकच घातला. वर केळी-साखरेचं पंचामृत. सगळं बेडवरून जाळीत, जाळीतून थेट टाकीत. तेव्हा माझे डोळे भरून आले होते, भक्तीनं! मग चार दिवस सुट्टी. बंद टाकी. ऊन.

आयटीआय फर्स्ट क्लास आहे मी. गाढव.

कुणी पाहिलं नाही. सगळे जेवत होते.

८ ऑक्टोबर

मालक महादेवप्पा खाली आले. मीटरच्या काचेवर टाकीतला एक थेंब टाकून बघितला. कूलंटमध्ये तेल आठ टक्के हवं. दाखवलं तीन.

टाक्या गुरप्पाअण्णा भरतात. वीस वर्षं तेच करतात — पाण्यात कूलंटचं तेल मापानं घोळायचं, टाकीत सोडायचं. सुट्टीआधी ताजं भरून ते लेकीकडे अफजलपूरला गेले होते.

मालक म्हणाले, "अण्णा, तेल कमी घातलात. पातळ घोळलं की सडतंयच. मग राहिलेलं तेल गेलं कुठं?"

अण्णांना आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. कान लाल झाले. "मापानंच घातलंय की मी," एवढंच म्हणाले.

करोनापासून त्यांना वास येत नाही. येत असता तर तिथेच ओळखलं असतं. दूध नासलं की तेलही खाऊन टाकतं, मीटर खाली येतो. हे मला शिकवलं कुणी? त्यांनीच! आणि मी त्यांच्यापासून तीन फुटांवर, मूग गिळून उभा.

९ ऑक्टोबर

टाकी धुतली. मीच. पुढाकार घेऊन! मालक म्हणाले, "कामाचा पोरगा हाय."

अण्णांनी मालकांसमोर तेल घोळलं. प्रत्येक माप वर धरून दाखवत होते, परीक्षेला बसल्यासारखे. साठीचा माणूस. पहिलीच प्लेट ०.६ आली. मी मनात म्हटलं, सुटले अण्णा.

मालक म्हणाले, "बघा. बराबर घातलं की येतंय का न्हाई?"

म्हणजे चांगली फिनिशसुद्धा त्यांच्याच विरुद्ध गेली.

११ ऑक्टोबर

शंभर प्लेटा भंगारात, माल उशिरा, म्हणून गिऱ्हाइकानं लेखी कारण मागितलं. संध्यानं रिपोर्ट टाईप केला. कारण — कूलंटचं मिश्रण चुकलं. जबाबदार — गुरप्पा. अण्णांना सांगितलं, दिवाळीनंतर येऊ नका. चार महिन्यांनी रिटायरच होणार होते. हार घालून गेले असते, आता चोर म्हणून जाणार.

मी का बोलत नाही? डिसेंबरात पर्मनंट होणार आहे. पर्मनंट झालो तरच पल्लवीच्या घरचे लग्नाला हो म्हणतील. बस्स, एवढंच कारण. लिहिल्यावर आणखीनच घाणेरडं दिसतंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

गावी आलो. जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "मग दूध तरी पी की." उठून बाहेर गेलो.

१४ ऑक्टोबर

आज अण्णांनी टाकीजवळ बोलावलं. हातात मीटर दिला. "हितं रेघ कुठं यायलीय बघ. काच आधी पुसून घ्यायची. मी गेल्यावर टाक्या तूच भर, मालकाला सांगितलोय मी. बाकीचे हलगर्जी हायत. तुझ्यावर भरवसा हाय."

काच पुसली, पुन्हा पुसली, तरी मला रेघ वाचता येईना. ते म्हणाले, "सवय होतीय हळूहळू."

१६ ऑक्टोबर

नौबादला अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं, निलम्माअक्कांनी, चहा दिला. कप हातात धरूनच सगळं सांगितलं — दूध, पंचामृत, टाकी, माझी नोकरी, पल्लवी. एक शब्द ठेवला नाही.

मला वाटलं होतं, रागावतील. किंवा म्हणतील, जाऊ दे रे, पोर आहेस. खरं सांगायचं तर त्याचीच आशा होती.

अण्णा म्हणाले, "मला सांगायलास. मालकाला सांगितलास का?"

"न्हाई अण्णा."

"मग हितं कामून आलास? तुझं ओझं हलकं करून घ्यायला?"

अक्का दारात उभ्या होत्या. आठ दिवस शेजारपाजारच्या बायका त्यांच्याशी बोलत नाहीत, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं.

"जा," अण्णा म्हणाले. "चहा पिऊन जा."

प्यालो नाही. लायकी नव्हती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं. सकाळी सातला, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांसमोर. पाच लिटर दूध, मीच ओतलं.

कुणीच दचकलं नाही! संध्यानं मान खाली घातली. रामकिशन म्हणाला, "आमच्या घरीबी म्हशी हायत की रे. पहिल्याच दिवशी वासानं कळालंय सगळ्यास्नी." मालक हळूच म्हणाले, "रिपोर्ट कवाच गेलाय तान्या. आता कामून उकरायलास?"

सगळ्यांना माहीत होतं. कालपर्यंत एकट्या अण्णांनाच नव्हतं.