लपवलेलं चित्र

सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

ती. शांताक्का यांस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला कळत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही डाळीच्या डब्यात घालून ठेवलंय, म्हणून पुन्हा कागद घेऊन बसले. चांगली बातमी आधी लिहावी, असं आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या. तर तुमच्या भावाचा उजवा पाय आता थोडा उचलतो. दुधात भाकरी कुस्करून दिली की खातात. वाचा मात्र पक्षाघाताच्या झटक्यात गेली ती गेलीच.

वाचा-उपचार करणारी अंकिता एक टॅबलेट महिनाभर वापरून बघायला देऊन गेली आहे. चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो. पाणी, चहा, पंखा, दुखतंय. आवाज एका बाईचा, बातम्या सांगणारीसारखा. विरेशचं पुण्याहून एकच, आई, घेऊन टाक. अंकिता मात्र म्हणते, ज्याला वापरायचं त्यानंच निवडावं. नाही जमलं तर उशाशी साधी घंटी बसवू. महिनाअखेर तिला कळवायचं आहे.

अक्का, यांनी कसं निवडावं? टॅबलेटमध्ये माझाही फोटो आहे, त्यावर बोट ठेवलं की ‘सुकन्या’ असं ऐकू येतं. हे फोटोकडे बघतात आणि बोट पुढे नेतात. एकदाही दाबला नाही. त्याऐवजी दिवसभर एकच चित्र, हातात खडू घेतलेली चष्मेवाली बाई. ‘शिक्षिका.’ मी कणीक मळत असले की ‘शिक्षिका’, न्हाणीत असले की ‘शिक्षिका, शिक्षिका’. मला वाटलं, शाळा आठवत असेल. म्हणून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांना बोलावून आणलं. बिचाऱ्या चहा घेऊन पाढ्यांबद्दल बोलत बसल्या आणि हे भिंतीकडे तोंड करून पडले. शेवटी अंकिताला सांगून ते चित्रच लपवलं. तेव्हापासून यांनी टॅबलेटला हात लावलेला नाही.

समज किती उरली आहे ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. उचलण्या-पुसण्याचं मला काही वाटत नाही, अक्का. पण हे मला ओळखतात की नाही, तेच कळेनासं झालं आहे. गड्ड्याच्या यात्रेचे भोंगे खिडकीतून येतात, पूर्वी हे मला तिथे पाळण्यात बसवायचे आणि मी घाबरले की हसायचे. आता त्या बाजूची खिडकी लावून घेते. घंटीच घ्यावी असं मनात आहे. तुमचं काय म्हणणं?

दमलेल्या भावजयीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सुकन्या


कुर्डुवाडी,
२३ जानेवारी २०२५

चि. सौ. सुकन्या हिला शांताक्काचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. माज्या यंत्राचं म्हणशील तर ते कानात शिट्टी मारतं. आमचे मालक रेल्वेत व्हते तवा लई शिट्ट्या ऐकल्या, आता पुरे. शिबिरात घाईगर्दीत डाव्या कानाला बशिवलं, ऐकू कमी येतंय उजव्याला. मला कुणी इचारलं का? सिदूला निदान इचारतात तरी.

आता त्या चित्राचं. अगं येडे, सिदूची समज गेली न्हाय, तुजी हाय का बघ. तू लगीन होऊन आलीस तवा आमी ‘पानी’ म्हणलं की तू हळूच ‘पाणी’ म्हणायचीस. मांडीवर रुमाल टाकून जेवायचीस. तवापासनं तू त्याची मास्तरीण. एमआयडीसीत तो कामाला हुता त्या टॉवेलच्या मागांवर सगळ्यांना ठावं हाय. संध्याकाळ झाली की म्हणायचा, चला, मास्तरीण हजेरी घेईल. मला फोन केला की आधी मास्तरणीची खुशाली. तोंडावर मातर ‘अगं’. तिला सांगू नको, मनाला लावून घेईल, अशी मला शपथ घातली हुती. ती आज मोडली.

तुजं नाव त्यानं कदी घेतलंय का, म्हणून आता घेईल? तू त्याला ‘हे’ म्हणतीस, तो तुला मास्तरीण. दोगं बी सारकीच. तो दिवसभर तुला हाका मारतुया आणि तू वरच्या बाईला चहा पाजतीस. ते चित्र झाकलंस म्हंजी त्याचं तोंडच बांधलंस की.

घंटीचं काय ते त्याला इचार. आणि जेवत जा येळेवर. म्हातारीचा जीव तुमच्यापाशीच हाय.

शांताक्का


सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

ती. शांताक्का यांस,
सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून स्वयंपाकघरात बसून राहिले. भाजी करपली. किती हाका आल्या असतील आणि मी कणीक मळत राहिले.

टॅबलेट ठेवून घेतला. अंकितानं समोर टॅबलेट आणि घंटी दोन्ही ठेवली, यांनी घंटी डाव्या हातानं लोटून दिली. त्या चित्राला ‘मास्तरीण’ असा आवाज भरता येतो, असं ती म्हणते. तो शब्द हे कसे म्हणत ते तुम्हालाच ठाऊक, तेव्हा तुम्हीच येऊन बोला. येताना यंत्र डब्यातून काढून आणा. उजवा कान तपासायला कुठे जायचं, तेही तिला विचारून ठेवलं आहे. तोवर बातम्यांवाली बाईच मला हाक मारते. अगदी सारखी मारते, अक्का. उशी सरकली, ऊन आलं, काहीच झालं नाही, तरी मारते. पाय दुखतात माझे.

पण पहिल्या दिवसाचं सांगते. अंकितानं चित्र जागेवर आणलं आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. वाटलं, रुसले. मग आलं, ‘शिक्षिका.’ बाहेर गेले, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, पदरानं चष्मा पुसला. लग्नातल्या उखाण्यानंतर जे कधी केलं नव्हतं ते केलं. हजेरी घेतात तसं नाव घेतलं.

“सिद्धराम.”

यांनी डावा हात वर केला.

तुमच्या पायांशी डोकं आहेच, त्यावर तुमचा हातही असू द्या.

तुमची,
मास्तरीण