शंभूराजच्या जावळाला मामा पाहिजे

रहिमतपूर,
गुरुवार, ता. ४

ती. दादांच्या पायांवर धाकट्या विजयमालेचा डोकं टेकून नमस्कार.

पार्सल मंगळवारी पोचलं. उघडून यादी केली ती अशी: बेदाणा दोन किलो (इथल्या भावानं आठशेचा), हळद एक किलो (तुमच्या शेतातली, तिची किंमत लावली नाही), भडंगाचे चार पुडे (एक वाटेत फुटला होता, तो आम्ही उभ्याउभ्याच संपवला), जावयांना कानटोपी, नातू शंभूराजला लोकरीची टोपी आणि नात अंकिताला साडेपाचशेचा फ्रॉक (किमतीची चिठ्ठी काढायची राहिली होती. पोरगी आता आठ वर्षांची झाली, त्यामुळं फ्रॉक गळ्यातच अडकला, पण वहिनींना सांगू नका). एसटीचं भाडं तुम्ही भरलेलंच होतं. स्टँडवरून घरापर्यंत रिक्षावाला पन्नास म्हणाला, म्हणून ह्यांनी सायकलला बांधून आणलं. खर्च शून्य, कंबर मात्र धरली. आता बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर? खंडोबाच्या कृपेनं सगळं ठीक असेल असं धरून पुढं लिहिते.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता आणि फोन वहिनींच्या हातात देता. क्रांतीच्या लग्नापासून नऊ वर्षं हेच चाललंय. पार्सल येतं, तुम्ही येत नाही. कारण तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. पत्रावर मात्र नाव तुमचंच आहे, ते तुम्हालाच वाचावं लागणार.

तुमची भाची क्रांती एकोणीस तारखेच्या विमानानं जर्मनीला निघाली. तिथल्या मोठ्या दवाखान्यात नर्सची कायम नोकरी. मी मॅट्रिक झाले तेव्हा आबांनी अर्धा किलो पेढे वाटले होते आणि वर "पोरीच्या जातीला एवढं बास" म्हणाले होते. क्रांती जर्मन भाषेची परीक्षा पास झाली तेव्हा मी अडीच किलो वाटले, आणि खर्च वहीत लिहिताना हात अडखळला नाही. जावई जयराजराव गॅरेजची नोकरी सोडून पोरांना घेऊन तिच्याबरोबर निघालेत. त्यांच्या एका चुलतीनं भर पंगतीत विचारलं, "जावई बायकूच्या पदराला धरून चालल्यात व्हय?" मी म्हटलं, "पदराला न्हाई, बॅगेला धरून. तेवीस किलोची हाय, तिला एकटीला उचलंना."

गेले तीन आठवडे पाहुण्यांकडं जेवणं चालू आहेत. परदेशी निघालेल्या लेकीला जेवू घातल्याशिवाय कोणी सोडत नाही आणि ओटी भरल्याशिवाय कोणी उठू देत नाही. रोज दोन घरं, सणाला एखादं जास्त. आजपर्यंत चव्वेचाळीस नारळ जमले. जयराजराव रोज बॅग वजनकाट्यावर ठेवतात आणि रोज एक नारळ बाहेर काढतात. मी बर्फ्या करते आहे (साखर वेगळी पडते).

त्यात शंभूराजची वेणी. पोरगं तीन वर्षांचं होत आलं, जावळ अजून काढलेलं नाही, त्यामुळं केस पाठीवर आलेत. नव्या पाहुण्याला तो मुलगीच वाटतो. मेढ्यात त्याला तीन फ्रॉक मिळाले आणि दोन डझन बांगड्या. एका म्हाताऱ्या आजीनं तर अंकिताबरोबर त्याचीही ओटी भरली. पठ्ठ्यानं ओटीतला नारळ काखेत मारला आणि बांगड्या काढू देईना.

आता खरी अडचण लिहिते. जावळ पहिल्या, तिसऱ्या नाही तर पाचव्या वर्षात काढायचं. सोळा तारखेला शंभूराजला तीन पुरी होतात. त्याच्या आत झालं तर झालं, नाही तर पाचव्या वर्षी जर्मनीत कोण बसलाय? आणि जावळ मामाच्या मांडीवर निघतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. दादा, मुलाकडच्यांनी देव पुरवायचा, जेवण पुरवायचं, मुलीच्या घरानं पुरवायचा तो एकच मामा. माझा शिवतेज सीमेवर आहे. त्याची रजा दोनदा नामंजूर झाली. त्याचा मला अभिमानच आहे, पण अभिमानाला मांडी नसते.

तरी मागच्या रविवारी पालीच्या खंडोबाला गेलो. जयराजरावांच्या घरचं कुलदैवत तेच. जीप विहीणबाईंनी ठरवली होती, माणसं चौदा (जीप नवाची). न्हावीकाकांनी वाटीत पाणी घेतलं, वस्तरा पुसला आणि विचारलं, "मामा कोन?" चौदाही जण एकमेकांकडं बघायला लागले. चुलते निघाले, आत्याचे यजमान निघाले, दोन आजोबा निघाले. मामा एकही नाही. मेढ्याच्या विहीणबाई दगडाबाई संधीची वाटच बघत होत्या. म्हणाल्या, "आवं इहीणबाई, देव आमचा, जीप आमची, पुरणाची पोळी आमची. तुमच्याकडनं येक मामा आणायचा हुता, त्यो बी न्हाई?"

मी म्हटलं, "आमचा मामा देशाच्या राखणीला हाय."

"देश काय दोन दिसांत पळून जातुया व्हय?"

यावर मला तीन उत्तरं सुचली, पण घरी आल्यावर. उपयोग काय?

मग अंकितानं व्हिडिओ कॉल लावला. शिवतेज वर्दीत, खाटेवर मांडी घालून बसला होता. लेकरू किती वाळलंय! जयराजरावांनी मोबाईल स्वतःच्या मांडीवर ठेवला, शेजारी शंभूराजला बसवायचं ठरलं. शंभूराज "मामा!" म्हणाला आणि थेट मामावरच बसला. खालून आवाज आला, "आये, अंधार झाला!" तेवढ्यात रेंजही गेली. न्हावीकाका शांतपणे म्हणाले, "ताई, आवाज मामाचा हाय, पर मांडी बापाची. मला चालंल, देवाला चालतंय का तेवढं इचारा." मी देवाकडं बघितलं. देवानं काही सांगितलं नाही, पण मला कळलं. वेणी तशीच बांधून, पुरणपोळी खाऊन सगळे परत आलो. जीपमध्ये विहीणबाई मेढ्यापर्यंत वळणावळणाला माझ्याकडं बघून हसल्या. मी खिडकीतून उसाची शेतं बघत बसले. ज्या घरानं जर्मनीला नर्स दिली, सीमेवर जवान दिला, त्या घराला तासाभरापुरता एक मामा देता आला नाही.

असो. मी काही मागायला पत्र लिहिलेलं नाही. ख्यालीखुशाली कळावी, एवढाच हेतू. वहिनींना नमस्कार, वीरधवलला आशीर्वाद.

तुमची बहीण,
विजयमाला

ता. क. वीरधवल क्रांतीचा मामेभाऊ, म्हणजे नात्यानं शंभूराजचा मामाच. पुढच्या रविवारी, चौदाला, त्याला पालीला पाठवता आलं तर बघा. सांगली–कऱ्हाड एसटी आहे, पुढं आमची जीप घेईल. तिकीट मी देईन, जाताना एक आणि येताना एक.

ता. क. दुसरा. वीरधवलच्या मांडीला माझी ना नाही. पण निघताना न्हावीकाका म्हणाले होते, "सख्खा मामा नसला तर आईचा मामा बी चालतुया. पिढी कोन मोजतंय?" ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. दादा, क्रांतीच्या लग्नात बाहेरच्या माणसांना मी पूर्ण पोशाख केला आणि तुम्हाला टॉवेल-टोपी दिली. घरच्या माणसाचा मान काय मोजायचा, असं म्हणून तेराशे रुपये वाचवले. तुम्ही न जेवता संध्याकाळच्या एसटीनं गेलात. चूक माझी होती. बाकीचं पत्र एका दुपारी लिहून झालं, हे एक वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

ता. क. तिसरा. सोबत पत्ता घालून, तिकीट लावून पाकीट ठेवलं आहे. "येतो" एवढं उलट टपाली कळवा. "येत नाही" असं मात्र पत्रानं कळवू नका. ते सांगायला समक्ष या, रविवारी, सकाळी आठच्या आत, पालीला.